अर्जवहीचं नववं प्रकरण

गुरुवारी सकाळी सुकुमार मगदूमला उदाहरणातल्या कंपनीचा फोन आला.

"मगदूम का? अबक उद्योगातून बोलतोय. तुमचा अर्ज मिळाला. एक जानेवारीला सकाळी दहा वाजता मुलाखतीला या."

सुकुमारनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "आज तर ऑगस्टची बावीस तारीख आहे."

"आमच्याकडे उद्या एक जानेवारी आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "पत्ता लिहून घ्या. जयसिंगपूर. पहिल्या गल्लीच्या अलीकडची गल्ली."

जयसिंगपूरच्या गल्ल्या नंबरानं ओळखतात. पहिली, दुसरी, तिसरी अशा त्या ओळीनं जातात. सुकुमार अकराव्या गल्लीत राहत होता आणि पहिलीच्या अलीकडं आणखी एक गल्ली आहे, हे त्यानं तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. पण चौदा महिन्यांत कुठल्याही कंपनीकडून आलेला हा पहिला फोन होता, आणि अडला माणूस पत्त्यावरून वाद घालत बसत नाही. त्यानं पत्ता लिहून घेतला.

कंपनी उदाहरणातली कशी, ते सांगायला हवं.

सुकुमार बावीस वर्षं शिरोलीच्या एका कारखान्यात पाण्याच्या मोटारींच्या माहितीपुस्तिका लिहीत होता. मोटारीच्या खोक्यात अगदी वर ठेवलेली असते ती, सोळा पानांची. खोकं उघडलं की सगळ्यात आधी ती बाहेर पडायची आणि कुणी न वाचता कोंबड्यांच्या खुराड्यात नाहीतर ट्रॅक्टरच्या सीटखाली जायची. सुकुमारला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो एकेका वाक्यावर दोन-दोन दिवस घालवायचा. वाचणाऱ्याचा हात आत्ता कुठं आहे ते आधी लिहावं आणि मगच तो हलवायला सांगावं, असा त्याचा नियम होता.

छापायला देण्याआधी प्रत्येक पुस्तिका तो आपल्या बायकोवर, त्रिशलावर तपासायचा. मोटारीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याला तेच हवं असायचं. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर स्टार्टरचं खोकं उघडून ती बसायची आणि लिहिलंय तेवढंच करायची. जास्त नाही, कमी नाही, मधलं काही सोडायचं नाही, पुढचं आधी करायचं नाही. एकदा 'स्क्रू डाव्या हातात धरा' असं लिहून तो खाली कधी ठेवायचा, ते लिहायचं सुकुमार विसरला. त्रिशलानं त्या दिवशी उजव्या हातानं आमटी ढवळली, उजव्याच हातानं वाढलं, पण स्क्रू सोडला नाही. संध्याकाळी तो दुरुस्ती लिहून घेऊन आला तेव्हा कुठं तिची सुटका झाली.

मग कारखान्यानं मोटारीवर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवायला सुरुवात केली. त्यावर मोबाइल धरला की व्हिडिओ दिसायचा. पुस्तिका बंद झाली आणि एक्कावन्नाव्या वर्षी सुकुमार घरी बसला. त्यानं अर्ज करायला घेतले. एकेचाळीस अर्ज झाले. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. कुठं कधी अर्ज केला हेही त्याच्या लक्षात राहीनासं झालं, तेव्हा त्याच्या पुण्याच्या भाच्यानं, शीतलनं, त्याच्या कॉम्प्युटरवर एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि ते एकेचाळीस अर्ज त्यात भरूनही दिले. त्याचं नाव अर्जवही.

"सोपं आहे मामा," शीतल फोनवर म्हणाला. "काळी खिडकी उघडते. 'नवा' लिहिलं की नवा अर्ज नोंदवायचा. पाहा, बदला, पुसा, बस्स. बरोबर एक माहितीपुस्तिका आहे चौसष्ट पानांची, पण ती वाचायची काही गरज नाही."

मांजराला दुधाकडं बघू नको म्हटल्यासारखंच झालं हे. सुकुमारनं त्याच दिवशी ती छापून घेतली, झेरॉक्सवाल्याकडून तिला स्पायरल लावून घेतलं आणि लाल पेन काढून वाचायला बसला. बावीस वर्षांत त्याला बिनचुकीची पुस्तिका भेटली नव्हती, स्वतःची धरून.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'तुम्ही नोकरी शोधत आहात. हे दमवणारे काम आहे. ही पुस्तिका तुम्हाला आणखी दमवणार नाही.' आणि पुढची त्रेसष्ट पानं लिहिणाऱ्यानं तो शब्द पाळला होता. कुठंही 'आपोआप कळेल' नव्हतं. कुठंही दोन कामं एका वाक्यात कोंबली नव्हती. वाचणारा जिथं चुकणार तिथं तो चुकायच्या आधीच एक ओळ उभी होती, आणि ती ओळही रागावत नव्हती. विसाव्या पानावर सुकुमारनं लाल पेनाला टोपण लावलं.

चौथं प्रकरण नकारांचं होतं. तिथं लिहिलं होतं: 'नकार आला तर स्थितीच्या रकान्यात कंपनीने दिलेले कारण लिहा. कारण दिले नसेल तर कारण दिले नाही, एवढेच लिहा. स्वतः कारण शोधून लिहू नका.' सुकुमारनं गेले चौदा महिने एका वहीत प्रत्येक अर्जापुढं कारणं लिहून ठेवली होती. वय. इंग्रजी. वय. गाव. पुन्हा वय. ती वही त्यानं रद्दीत टाकली आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. मग बराच वेळ धूतच राहिला.

"एवढं काय लिवलंय त्यात?" त्रिशलानं विचारलं.

"माझ्या बावीस वर्षांत मला असं एक पान लिहिता आलं नाही गं," तो म्हणाला.

"कुणी लिवलंय?"

ते कुठंच दिलं नव्हतं. शीतललाही माहीत नव्हतं. असल्या सॉफ्टवेअरचं असंच असतं मामा, तो म्हणाला, कुणीतरी लिहून ठेवतं.

इतकी चांगली पुस्तिका म्हटल्यावर ती तपासलीच पाहिजे. वाचणं वेगळं आणि तपासणं वेगळं. त्रिशला मोठ्यानं वाचायची आणि सुकुमार कॉम्प्युटरवर करायचा. दुसऱ्या प्रकरणात नवी नोंद कशी करायची ते एका उदाहरणानं दाखवलं होतं. कंपनी, अबक उद्योग. पद, लेखक. तारीख, एक जानेवारी. स्थिती, अर्ज केला. नावाच्या रकान्यात तुमचे नाव लिहा, असं होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं उदाहरण नुसतं डोळ्यांखालून घातलं असतं आणि आपला खरा अर्ज नोंदवला असता. सुकुमारनं ते जसंच्या तसं टाइप केलं, कारण उदाहरण चालतंय का, हे बघितल्याशिवाय पुस्तिका तपासून झाली असं म्हणता येत नाही. आणि पुस्तिका पुस म्हणत नाही तोवर ते पुसायचंही नाही. पुस्तिका ते नवव्या प्रकरणात म्हणत होती. सगळ्या पुस्तिकेला मिळून एकच उदाहरण होतं. दुसऱ्या प्रकरणात नोंदवलेलं तेच आठव्यापर्यंत वापरायचं आणि नवव्यात पुसायचं. ही गोष्ट सुकुमारला फार आवडली होती. खरा लिहिणारा दर पानाला नवं उदाहरण काढत नाही.

चौथं प्रकरण तपासून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला.

शुक्रवारी पहिल्या गल्लीच्या अलीकडं गल्ली होती. तिच्यात एकच इमारत आणि तिच्यावर पाटी. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एकाच तारखेचं कॅलेंडर. टेबलामागचा माणूस उठून उभा राहिला.

"मी क," तो म्हणाला. पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणातल्या मुलाखतीच्या नमुन्यात 'श्री. क' होताच.

त्यानं पुस्तिकेतलेच तीन प्रश्न विचारले आणि सुकुमारनं पुस्तिकेतलीच तीन उत्तरं दिली. वय विचारलं नाही. इंग्रजी येतं का विचारलं नाही. मधले चौदा महिने काय करत होता, तेही नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच सुकुमारला खुर्चीत नीट टेकून बसावंसं वाटलं.

"काम काय असेल?" त्यानं विचारलं.

"उदाहरण म्हणून बसायचं. कुणी दुसरं प्रकरण वाचायला घेतलं की तुम्ही दारातून यायचं आणि अर्ज करायचा. मी तो नोंदवणार."

"नोकरी कायम आहे का?"

"दुसऱ्या प्रकरणापासून आठव्यापर्यंत कायम आहे."

"आणि नववं?"

"बाकीचे लोक आपापल्या वहीतली नोंद पुसतील, त्याचा तुम्हाला त्रास नाही," श्री. क म्हणाला. "तुमची नोंद तुमच्या घरच्या वहीत आहे. ती पुसली की तुम्ही इथं नसाल."

"मग कुठं असेन?"

"ते पुस्तिकेत नाही."

सुकुमारनं विचार केला. लोक पुस्तिका शेवटपर्यंत वाचत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो हो म्हणाला.

त्या सकाळी एकशे बारा जणांनी दुसरं प्रकरण उघडलं. एकशे बारा वेळा सुकुमार हातात फाईल घेऊन दारात उभा राहिला, आत आला आणि म्हणाला, "नमस्कार. मला लेखक या पदासाठी अर्ज करायचा आहे." श्री. क म्हणाला, "नोंद झाली." आणि प्रत्येक वेळी कुठूनतरी, भिंतीच्या पलीकडून म्हणा, कुणीतरी अगदी हळू बोललेलं ऐकू आलं. हां, कळलं. कधी बाईचा आवाज, कधी म्हाताऱ्या माणसाचा, कधी नुसताच सुटलेला श्वास. बावीस वर्षं सुकुमार याच दोन शब्दांसाठी लिहीत आला होता आणि ते एकदाही त्याच्या कानावर पडले नव्हते. दुपारी तो घरी चालत निघाला तेव्हा त्याला रस्ताही पुरेना, इतका आनंद झाला होता.

"लोक वाचतात गं," त्यानं चपला काढायच्या आत सांगितलं. "अक्षरन् अक्षर वाचतात."

त्रिशलानं आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग त्याच्या तोंडात.

अर्जवहीच्या नोंदीला पाच रकाने होते: नाव, कंपनी, पद, तारीख, स्थिती. ज्याला रकाना नव्हता ते आता सुकुमारपासून एकेक करून सुटायला लागलं. पहिल्यांदा वय गेलं. गुडघे दुखायचे थांबले, चष्म्याची गरज राहिली नाही, कानशिलावरचे केस ना काळे ना पांढरे असे झाले. त्याला हे बरंच वाटलं. कुणाला वाटणार नाही? मग नांदणी गेलं, त्याचं गाव. तिथली चिंच, तिथली बस्ती म्हणजे जैन देऊळ, आईचा आवाज, सगळं एका दुपारी गेलं आणि जागा स्वच्छ झाडल्यासारखी रिकामी राहिली. मग त्याचं बोलणं बदललं.

"जेवायला वाढू काय?" त्रिशलानं विचारलं.

"जेवण वाढावे. त्यानंतर पाणी द्यावे."

त्रिशला खळखळून हसली. "अगं बया! हे काय पुस्तकागत बोलालासा?"

"अर्जदारास भूक लागली आहे," सुकुमार म्हणाला.

तिनं हसत वाढलं, पण त्यानं ताटात हात घातला नाही. आधी काय उचलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं सांगितलं. आधी भाकरी, मग डाळ. तेव्हा तो जेवला. शेजारचे चौगुले त्याला गल्लीत 'काय अर्जदार' अशी हाक मारायला लागले आणि त्यात थट्टा नव्हती. त्यांना दुसरं नाव आठवतच नव्हतं.

महिनाभरानं नाशिकहून मुलीचा, अस्मिताचा फोन आला. फोन सुकुमारनं उचलला.

"आप्पा, मी बोलतेय. बरे आहात ना?"

"आपण कोणत्या पदासंदर्भात बोलत आहात?" सुकुमारनं विचारलं.

त्रिशलानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला, लेकीला काहीतरी सांगून समजावलं, फोन ठेवला आणि त्याच्या समोर येऊन बसली.

"कोण होती ती?"

सुकुमारनं पाचही रकाने बघितले. त्यांत ती कुठंच नव्हती.

"आणि मी कोण?"

"तुम्ही वाचता," तो म्हणाला.

त्रिशला उठली. तिनं कपाटातून ती स्पायरलची पुस्तिका काढली, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसली आणि पाचवं प्रकरण उघडलं. ती रडत होती, पण तिनं चष्मा पुसून घेतला, कारण डोळ्यांत पाणी असलं की ओळी सोडल्या जातात.

"नववं प्रकरण काढू नये," सुकुमार म्हणाला. "तेथे नोंद पुसली जाते. नोकरी जाते."

"मला ठाव हाय. तुमीच वाचून दाखवलंयसा की."

"मग पाचवे का उघडले?"

"पाच, सहा, सात, आठ न करता नऊ कसं करू? तुमीच शिकवलंय."

सुकुमारला हे बरोबरच वाटलं.

पाचव्या प्रकरणात स्थिती बदलायची होती. त्रिशलानं एका बोटानं 'निवड झाली' असं टाइप केलं. त्याच क्षणी सुकुमार ताठ उभा राहिला, त्याच्या शर्टाच्या सुरकुत्या गेल्या आणि त्याचा चेहरा एखाद्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखा सरळ समोर बघू लागला. मग तो दहा वाजले म्हणून कामावर निघून गेला. संध्याकाळचे चार वाजले होते.

सहावं प्रकरण शोधण्याचं. 'ज्याला शोधायचे आहे त्याचे नाव लिहा. पूर्ण नाव आठवत नसेल तर जेवढे आठवते तेवढे लिहा. अर्जवही उरलेले शोधेल.' त्रिशलाला पूर्ण नाव आठवत होतं. तिनं 'सुकुमार नेमगोंडा मगदूम' असं लिहिलं आणि तो अबक उद्योगातल्या खुर्चीसकट खोलीत आला. खुर्चीचा एक पाय जरा आखूड होता. ती डुगडुगत होती.

"मघाशी तीनशे सहा जण वाचत होते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा ती जुनी धडपड होती. "सर्वांना कळत होते. ते लोक आता माझ्यावाचून अडतील. बावीस वर्षे मला कोणी वाचले नाही."

"मी वाचलंय की तुमाला," त्रिशला म्हणाली. "बावीस वरीस. दर आयतवारी. स्क्रू धरून."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं पान उलटलं.

सातवं प्रकरण गाळणीचं होतं. ज्या नोंदी नकोत त्या गाळून हव्या तेवढ्याच कशा दाखवायच्या, ते त्यात सांगितलं होतं. त्रिशलानं लिहिल्याप्रमाणे केलं आणि एकेचाळीस अर्ज पडद्यावरून गेले. त्यांच्या मागोमाग भिंतीवरचे फोटो गेले, टीव्ही गेला, फडताळ, त्यातले डबे, न्हाणीघर, चौगुल्यांच्या घराकडची भिंत आणि मग अकरावी गल्ली गेली. राहिली ती अबक उद्योगातली खुर्ची, तिच्यावर सुकुमार, कॉम्प्युटर, पुस्तिका आणि त्रिशला. पुढची ओळ होती: 'गाळलेल्या गोष्टी गेलेल्या नसतात. त्या फक्त दिसत नाहीत. त्यांची काळजी करू नका.' त्रिशलानं ती ओळ दोनदा वाचली. तिला बरं वाटलं.

"तू का नाही गेलीस?" सुकुमारनं विचारलं. महिन्याभरात पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला.

तिनं तळटीप शोधली. अशा पुस्तिकेत तळटीप असतेच. 'वाचणारा कधीही गाळला जात नाही.'

"किती चांगलं लिहिलंय," सुकुमार म्हणाला.

"लई चांगलं लिवलंय," त्रिशला म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. नवरा असा खुर्चीवर छापल्यासारखा बसलेला, घर गेलेलं, आणि तरी तिला त्या लिहिणाऱ्याचा राग येत नव्हता. त्यानं कुठंही फसवलं नव्हतं. पुढं काय होणार ते तो दर वेळी आधी सांगत होता, आणि तिच्या आयुष्यात असं वागलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती.

आठवं प्रकरण क्रम लावण्याचं. 'एकच नोंद असेल तर क्रम लावण्यासारखे काही नसते. पुढे चला.' तिनं पान उलटलं.

नवव्या प्रकरणाला एकच पान होतं.

"मोठ्यानं वाच," सुकुमार म्हणाला.

तिनं वाचलं. 'आता ही नोंद पुसून पाहू. पुसलेली नोंद परत आणता येत नाही, म्हणून आधी खात्री करून घ्या. नोंद पुसल्याने ज्याची नोंद आहे त्याला काही होत नाही. पुसली जाते ती फक्त नोंद.'

ती थांबली. सुकुमार दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या बोटांच्या कडा फार सरळ होत्या.

"ज्याची नोंद आहे त्याला काही होत नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे. पण मी कोण? ज्याची नोंद आहे तो, की नोंद?"

त्रिशलानं पान पालथं घालून बघितलं, मागचं बघितलं, शेवटची सूची बघितली. चौसष्ट पानांत हा एक प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. बावीस वर्षांत तिनं सुकुमारच्या कितीतरी पुस्तिकांतल्या अशा फटी शोधून दिल्या होत्या, आणि दर वेळी तो दुरुस्ती लिहून आणायचा. आता दुरुस्ती लिहिणारा समोर खुर्चीवर बसला होता आणि त्याला आपल्या लेकीचं नाव सांगता येत नव्हतं.

"अस्मिता," ती म्हणाली. "तुमची लेक. पायाळू जन्मली. तुमच्यागत कान. काय आटवतंय?"

"रकाना नाही," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "भीती वाटते."

"भीतीला रकाना नसंल, पण ती वाटती नव्हं तुमाला?"

"वाटते."

"मग तुमी नोंद न्हाई," त्रिशला म्हणाली. "नोंदीला कशाची भीती? उदाहरणाला कुटं भीती वाटती का?"

हे तिला पटलं. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही, पण तो खुर्चीवरून उठायला बघत होता. त्याला उठता येत नव्हतं, तेव्हा खुर्ची थोडी पुढं सरकवून तो तिच्या शेजारी आला. कुठून तरी अजून ऐकू येत होतं. हां, कळलं. हां, कळलं. तो जरा वेळ तिकडं कान देऊन राहिला. मग त्यानं आपला सरळ कडांचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. हात थंड होता आणि कागदासारखा हलका.

"काय करू?" तिनं विचारलं. "तुमी सांगा. तुमचं हाय ते."

सुकुमारनं पानाकडं बघितलं. तिथं पुढची पायरी लिहिलेली होती, साध्या शब्दांत, एका वाक्यात एकच काम.

"लिहिलंय तसं," तो म्हणाला.

त्रिशलानं 'पुसा' लिहिलं. काळ्या खिडकीनं विचारलं, नक्की पुसायची का, हो की नाही. तिनं 'हो' लिहिलं. 'ह'ला काना आणि मात्रा दोन्ही आहेत ना, हे तिनं दोनदा तपासलं, आणि बटण दाबलं. भिंतीपलीकडचा आवाज थांबला. ती घाईनं पुढची ओळ वाचायला लागली.

'आता थोडा वेळ काहीच होणार नाही. घाबरू नका. बटण पुन्हा दाबू नका. तोवर पुढची ओळ वाचू नका.'

तिनं पुढच्या ओळीवर अंगठा ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं गुडघ्यावरचा हात धरला. काहीच होत नव्हतं. पुस्तिकेत लिहिलं होतं अगदी तसंच, काहीच होत नव्हतं, आणि अंगठ्याखालची ओळ अजून तिनं वाचली नव्हती.